हैदराबादेत ‘तू’ कोणाला म्हणावे?

उच्च शिक्षणासाठी गोव्यातून हैदराबादेत गेलेल्या विद्यार्थ्याची पहिली गफलत बहुधा संबोधनात होते. घरी आईला ‘तू’ म्हणण्यात जिव्हाळा असतो. तीच सवय हिंदीत उतरली, की वरच्या वर्गातील विद्यार्थ्याला ती उद्धटपणाची वाटते आणि मैत्री जुळण्याआधीच दुरावा येतो.

तेलुगूत ‘नुव्वु’ म्हणजे तू, ‘मीरु’ म्हणजे तुम्ही. आदरार्थी नावापुढे ‘गारू’ लागते. वरिष्ठ विद्यार्थी ‘अन्ना’, विद्यार्थिनी ‘अक्का’ होते. दखनीत ‘परसों’ म्हणजे केवळ परवा नव्हे. कित्येक महिन्यांपूर्वीची गोष्टही त्यात सामावते. म्हणून वेळ ठरवताना तारीख विचारून घ्यावी. तेथील ‘नक्को’ मात्र समजावून सांगावे लागत नाही. तो मराठी ‘नको’चाच सोयरा आहे.