बहाव्याचे बी रुजावे कसे

दौंडाहून नगरकडे निघालेला रस्ता भीमा ओलांडून श्रीगोंदे तालुक्याच्या हद्दीत शिरला की काष्टी लागते. शनिवारच्या जनावरांच्या बाजाराने या गावाचे नाव दूरदूरच्या मुलखात पोहोचवले आणि कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या उसाने भोवतीची काळी जमीन हिरवी केली. तथापि पर्जन्यछायेच्या या पट्ट्यात आभाळातून जे पाणी पडते ते वर्षाकाठी 500 मिलिमीटरच्या आसपासच, आणि तेही वेळापत्रक न पाळता. वळवाच्या एखाद्या सरीला भुलून ज्या बीजाने मोड काढला, त्याचा पुढच्या उघडिपीत अंत ठरलेलाच. म्हणूनच बाभूळ, शिरीष, बहावा अशा शिंबावंत वृक्षांनी आपल्या बियांभोवती असे अभेद्य कवच रचले आहे की, मृगाचा पाऊस पडो की हस्ताचा, एका हंगामात त्यांतील थोडीच बीजे जागी होतात आणि उरलेली पुढच्या सालांसाठी मातीत शिल्लक राहतात.

निसर्गाची ही दूरदृष्टी अंगणात झाड लावू पाहणाऱ्याला मात्र फार जाचते. चैत्र-वैशाखात सोनेरी घोस लोंबणारा बहावा पाहून हरखलेला माणूस त्याच्या शेंगा मोठ्या हौसेने घरी आणतो, बिया कुंडीत टोचतो, महिनाभर निष्ठेने पाणी घालतो आणि अखेरीस बी खोटे निघाले असा निवाडा देऊन रोपवाटिकेची वाट धरतो. बी खोटे नसते. त्याच्यापर्यंत पाणी पोहोचलेलेच नसते.

बहाव्याची शेंग एकदा सावकाश फोडून पाहावी. हातभर लांब, काळपट, दंडगोल अशा त्या शेंगेत आडवे पातळ पडदे असतात आणि प्रत्येक दोन पडद्यांमधल्या कप्प्यात, काळ्या चिकट गराच्या लेपात, एक चपटे, तांबूस तपकिरी, तुळतुळीत बी निजलेले असते. हाच तो आरग्वधाचा (बहाव्याचे संस्कृत नाव) गर, जो वैद्य सौम्य रेचक म्हणून देत आले. बी धुऊन पाण्यात टाकले तर आठ दिवसांनीही ते जसेच्या तसे वर निघते. याचे कारण त्याच्या त्वचेतील उभ्या, अरुंद आणि एकमेकींना घट्ट बिलगलेल्या पेशींच्या थरात आहे. सतराव्या शतकातील इटालियन शास्त्रज्ञ मार्चेल्लो माल्पिगी यांच्या नावाने या पेशी ओळखल्या जातात. थर शाबूत असेतो पाण्याला आत प्रवेश नाही. आतला अंकुर पूर्ण वाढलेला आणि सिद्ध असतो.

हा बंदोबस्त किती सूक्ष्म असू शकतो, हे क्लोव्हर आणि ल्युपिन या बहाव्याच्या दूरच्या नातलगांवर हाइड या संशोधकाने 1954 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसते. बीज ज्या ठिकाणी शेंगेला जोडलेले असते तेथील नाभी झडपेप्रमाणे वागते: हवा कोरडी असली की ती उघडून आतला ओलावा बाहेर जाऊ देते, आणि हवा दमट झाली की तत्काळ मिटते. बीज जितका कोरडा काळ पाहील तितके ते आतून शुष्क होत जाते. अशा शुष्क बीजाचे आयुष्य ऐकून मन थक्क होते. 1793 साली चीनमध्ये गोळा केलेली, आपल्या शिरीषाच्याच प्रजातीतील एका गुलाबी फुलांच्या वृक्षाची बीजे लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात कागदावर चिकटवून ठेवलेली होती. सप्टेंबर 1940 मध्ये बाँबहल्ल्याने लागलेली आग विझवताना त्यांवर पाणी पडले आणि 147 वर्षांनंतर त्यांतील काहींनी मोड काढले. पॅरिसच्या संग्रहालयातील 1776 सालचे, कॅसिया मल्टिज्युगा या बहाव्याच्या आप्ताचे बीज तर 158 वर्षांनी रुजले.

आता हे कवच उघडते कसे, याचे उत्तर शोधण्यासाठी काष्टीच्या परिसरातून फार दूर जावे लागत नाही. उन्हाळ्यात धनगरांची खिल्लारे शेतात बसवली जातात, तेव्हा मेंढ्या-शेळ्यांनी दिवसभर खाल्लेल्या बाभळीच्या शेंगांतील बिया रात्री रवंथ करताना काही तोंडावाटे बाहेर पडतात, काही पोटातून जाऊन लेंड्यांत उतरतात. पोटातल्या उष्ण, आम्लयुक्त प्रवासाने त्यांचे कवच झिजते आणि पाऊस पडताच त्या इतर बियांहून लवकर उगवतात. ही गोष्ट इंग्रजी अमलातील वनखात्याने फार पूर्वी ताडली होती. वनशास्त्रज्ञ ट्रूप यांनी 1921 साली भारतीय वृक्षांच्या संवर्धनावर जो त्रिखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात मेंढवाड्यातून गोळा केलेल्या बाभळीच्या बियांची महती नमूद आहे. बाभळीला तिचे जनावर अद्याप मिळते आहे, म्हणून बांधाबांधावर ती आपोआप उभी राहते.

बहाव्याची गोष्ट वेगळी, आणि मला ती अधिक दुःखाची वाटते. त्याची कठीण शेंग फोडून गोड गर खाणारे प्राणी म्हणजे वानर, अस्वल, रानडुक्कर आणि कोल्हा. या उघड्या माळावर अस्वल कोठले, आणि उसाच्या फडात कोल्ही टिकून असली तरी रस्त्याकडेला लावलेल्या झाडाखाली ती येणार कशी? परिणामी वर्षभर झाडावर लोंबलेल्या शेंगा खाली पडतात आणि न फुटताच कुजतात किंवा किडतात. जे काम अस्वलाचे आणि वानराचे होते, ते आता ज्याला हे झाड प्रिय आहे त्यानेच आपल्या माजघरात बसून करावयाचे आहे.

पेरणीपूर्वी बीजावर संस्कार करण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात बीज दहा दिवस दुधात भिजवावे, तुपाच्या हाताने हाताळावे, शेणात पुनःपुन्हा घोळावे आणि मग धुरी द्यावी असा विधी दिला असून चिंचेच्या बीजासाठी निराळी तजवीज सांगितली आहे. केवळ भिजवण्याने बहाव्याचे कवच हटणार नाही हे खरे. पण प्रत्येक जातीच्या बीजाची प्रकृती भिन्न, हे त्या ग्रंथकाराने ओळखले होते.

घरच्या घरी बहाव्याचे कवच उघडण्यासाठी देवघरातील सहाण पुरते. बी चिमटीत धरून त्याची एक कड सहाणेवर, कानशीवर किंवा पॉलिश पेपरवर घासावी. मात्र नाभीची बाजू सोडून, कारण मुळाचे टोक तिच्यालगतच असते. तपकिरी रंग जाऊन आतला फिकट थर डोकावला की थांबावे आणि बी रात्रभर पाण्यात ठेवावे. सकाळी त्याचे रूप पालटलेले असते: फुगून जवळजवळ दुप्पट झालेले, त्वचा मऊ पडून सुटू लागलेली. जे फुगले नाही ते पुन्हा घासावे. बिया पुष्कळ असतील तर पाणी उकळून चुलीवरून उतरवावे, त्यात बिया टाकून आपोआप निवू द्याव्यात. चुलीवर शिजवल्यास आतला जीव जातो. गुलमोहर आणि शिरीष यांनाही हाच उपाय लागू पडतो. रोपवाटिकांत तीव्र गंधकाम्लही वापरतात, परंतु ज्या घरात मुले वावरतात तेथे त्याला थारा देऊ नये.

सरसकट सर्वच बियांना हा न्याय लावणे मात्र घातक. कडुनिंबाची निंबोळी काही आठवड्यांतच निर्जीव होते. सीतेच्या अशोकाचे बी वाळवून डब्यात ठेवणे म्हणजे त्याचा नाशच. ही ताजी असतानाच मातीत गेली पाहिजेत. पळसाच्या चपट्या पापडीतील एकुलते एक बीही वैशाख-ज्येष्ठात पिकताच लावले तर विनासायास उगवते.

बहाव्याच्या शेंगा फुलोऱ्याआधी, फाल्गुन-चैत्रात उतरवाव्यात आणि फुगलेल्या बिया मे महिन्याच्या अखेरीस पोयटा, वाळू आणि मुरलेले शेणखत यांनी भरलेल्या उंच पिशवीत, बोटाच्या अर्ध्या पेराइतक्या खोल लावाव्यात. पिशवी उंच हवी, कारण सोटमूळ झपाट्याने खाली जाते आणि तळाशी वेटोळे झाले की झाड जन्मभर दुबळे राहते. वर मात्र पहिली दोन-तीन वर्षे वाढ इतकी मंद असते की अधीर माणूस आशा सोडतो. ती सोडू नये. पुढच्या आषाढात रोप जमिनीत लावावे. त्याची पाने गुरे-शेळ्या सहसा खात नाहीत, आणि ज्या गावाच्या वाटांवरून दर शनिवारी शेकडो जनावरे बाजाराला जातात, तेथे रस्त्याकडेला लावण्याजोगे याहून सोयीचे फुलझाड मला दिसत नाही.