मजला आणि गणित

जन्माने मिळालेल्या, न कमावलेल्या सोयीला सामाजिक विशेषाधिकार म्हणतात. तो असलेल्या माणसाचा युक्तिवाद आपोआप बाद होतो, असा समज आज बराच पसरला आहे. त्यात युक्तिवाद आणि साक्ष यांची सरमिसळ होते. सोसायटीतला तळमजल्यावरचा रहिवासी टाकीची क्षमता आणि माणशी वापर मांडून ‘पाणी पुरेल’ म्हणाला, तर त्याचं गणित तपासायचं. ‘नळाला धार चांगली येते’ एवढंच म्हणाला, तर ती साक्ष झाली; तिथे मात्र मजला विचारायलाच हवा. गणित न पाहता मजल्यावर बोट ठेवणं म्हणजे व्यक्तिलक्ष्यी तर्कदोष (मुद्दा सोडून माणसावर घसरणं).

हा फरक जोतीराव फुल्यांनी पाळला. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी पाझर सिद्धान्ताला (वरच्या वर्गाला शिकवलं की विद्या खाली झिरपते, ही कल्पना) विरोध केला. हा सिद्धान्त वरच्यांच्या सोयीचा होता, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलंच. पण तेवढ्यावर भागवलं नाही. ती विद्या खाली पोचली का, असा रोकडा सवाल केला. महसूल येतो शेतकऱ्याच्या कष्टातून आणि खर्च होतो उच्च शिक्षणावर, हा हिशेब मांडला. १८४८ पासून शाळा काढणाऱ्याला ही विसंगती लवकर दिसली, यात नवल नाही. ती तपासून पाहणं मात्र कोणालाही शक्य होतं. शेवटी मागणी ठेवली, ती किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची.