तसें झालें असतें तर? — एका कल्पित विमानाची प्रतिकृति

‘असें झालें असतें तर?’ हा प्रश्न मनुष्याच्या मनांत वारंवार उठतो. पाऊस वेळेवर आला असता तर, परीक्षेंत चार गुण अधिक पडले असते तर! बहुधा एक निःश्वास टाकून आपण तो सोडून देतों. परंतु तोच प्रश्न हातांत करवत व कानस घेऊन विचारला, तर त्यापासून पुष्कळ शिकावयास मिळतें, असा आम्हां चौघां विद्यार्थ्यांचा गेल्या सुटींतील अनुभव आहे. जें कधींच झालें नाहीं, परंतु होऊं शकलें असतें, अशा एका लढाऊ जेट विमानाची लांकडी प्रतिकृति आम्हीं तयार केली. ती कशी केली, हें येथें सांगतों.

अशा प्रतिकृतीचा पहिला नियम असा कीं, तिचा पाया खरा असावा. आम्हीं ‘मरुत्’ हें विमान निवडलें. जर्मन विमानशिल्पज्ञ कुर्ट टँक हे १९५६ सालीं भारतांत आले व बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यांत त्यांच्या देखरेखीखालीं ह्या विमानाची आंखणी झाली. वेदांतील वादळाच्या देवतांचें नांव त्यास मिळालें. धातूचें विमान बनविण्यापूर्वीं तेथील कारागिरांनीं पुऱ्या मापाचें, बिनइंजिनाचें लांकडी विमान तयार केलें आणि १९५९ सालीं दुसऱ्या विमानामागें दोरानें बांधून तें आकाशांत नेलें. म्हणजे ‘असें केलें तर काय होईल?’ हा प्रश्न त्यांनींही आधीं लांकडासच विचारला होता! पुढें १७ जून १९६१ रोजीं सुरंजन दास ह्या वैमानिकांनीं खरें मरुत् प्रथम उडविलें.

हें विमान ध्वनीच्या दुप्पट वेगानें जावें, अशी अपेक्षा होती. त्यासाठीं ब्रिटनमधील ऑर्फियस इंजिनाचा एक नवा, बलवत्तर प्रकार घ्यावयाचा होता. त्याचा रेटा आठ हजार पौंडांहून अधिक होणार होता. परंतु तें इंजिन पूर्ण करण्याचा खर्च ब्रिटननें उचलला नाहीं, आणि भारतानेंही नाहीं. अखेर प्रत्येकीं ४,८५० पौंड रेट्याचीं दोन साधीं ऑर्फियस इंजिनें बसवावीं लागलीं. अंग गरुडाचें, पण छाती चिमणीची, अशी अवस्था झाली. ध्वनीच्या वेगाच्या आसपासच विमानाची धांव संपली. तरीही अशीं १४७ विमानें बांधलीं गेलीं आणि १९७१ च्या युद्धांत राजस्थानच्या सरहद्दीवर त्यांनीं उत्तम कामगिरी बजावली. आमचा प्रश्न एवढाच होता: तें इंजिन वेळेवर मिळालें असतें, तर १९७१ सालचें मरुत् कसें दिसलें असतें?

आतां दुसरा नियम. बदल एकच करावा. मात्र त्याचे परिणाम टाळूं नयेत. आमच्या पहिल्या प्रतिकृतींत आम्ही हेंच विसरलों. पंखांखालीं आठ क्षेपणास्त्रें, नाक भलतेंच लांब, मागें नळकांड्यासारख्या दोन मोठ्या नळ्या. विमान मोठें भयंकर दिसूं लागलें. आमच्यापैकीं एकाचे वडील मोटारदुरुस्तीचें काम करतात. त्यांनीं तें हातांत घेऊन उलटसुलट पाहिलें आणि विचारलें, “अरे पोरांनो, इंजिन मोठें बसवलेंत खरें, पण त्याचें तेल कुठें भरणार?” आम्ही निरुत्तर झालों.

त्यांचा प्रश्न वर्मावर बोट ठेवणारा होता. त्या नव्या इंजिनाचें बळ ‘पश्चज्वलना’वर अवलंबून होतें. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या उष्ण वायूंत मागील नळींत पुनः इंधन शिंपडून तें पेटविणें, ह्यास पश्चज्वलन म्हणतात. ह्यानें रेटा वाढतो, परंतु इंधन भराभर संपतें. शिवाय नळी अधिक लांब लागते, तिचें तोंड लहानमोठें होणारें लागतें, आणि इंजिनास हवा अधिक हवी म्हणून पुढील दोन्ही बाजूंचीं हवेचीं तोंडेंही वाढवावीं लागतात. मागील भाग मात्र वाजवीपेक्षां जाड झाला, तर हवेचा अवरोध वाढून मिळविलेलें बळ फुकट जातें. म्हणून दुसऱ्या प्रतिकृतींत आम्हीं मागील नळ्या अर्धा सेंटिमीटर लांबविल्या, हवेचीं तोंडें एक मिलिमीटरनें रुंद केलीं, आणि क्षेपणास्त्रें काढून त्यांच्या जागीं इंधनाच्या दोन टाक्या टांगल्या. बाकीचें सारें मुळाबरहुकूम ठेविलें.

प्रमाण १:७२ घेतलें. हें प्रमाण फुटांच्या हिशेबांतून आलें आहे; प्रतिकृतीचा एक इंच म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट. मरुत्‌ची लांबी १५.८७ मीटर व पंखांचा विस्तार ९ मीटर. त्यांस ७२ नीं भागिलें असतां सुमारें २२ व १२.५ सेंटिमीटर येतात. चौकटींच्या कागदावर बाजूचें, वरचें व समोरचें अशीं तीन चित्रें ह्या मापानें काढावीं. सावंतवाडीचीं खेळणीं ज्यापासून बनत आलीं, तें पांगाऱ्याचें हलकें लांकूड चांगलें वाळलेलें घ्यावें. प्रथम बाजूची आकृति कापावी, मग वरची. मधली रेघ शेवटपर्यंत पुसूं देऊं नये. नंतर पुठ्ठ्याचे अर्धगोल साचे लावून पाहत कानशीनें गोलाई आणावी. मरुत्‌ची कंबर पंखांपाशीं किंचित् बारीक आहे. वेगानें जातांना हवेचा विरोध कमी व्हावा, म्हणून ती तशी आंखलेली आहे. ती घाईंत सरळ करूं नये. पंख पातळ प्लायवुडाचे करून खांचेंत सरसानें बसवावे, फटी लांबीनें बुजवाव्या व पॉलिशपेपरनें घासावें. रंग अगदीं पातळ द्यावा. रंगाचा थर मिलिमीटरचा दहावा भाग असला, तरी ह्या प्रमाणांत तो सात मिलिमीटर जाड होतो! पटाशी चालवितांना वडील माणूस जवळ असावें, ही पालकांस विनंति.

काम चालू असतां आम्हांस एक गोष्ट कळली, आणि आमचे हात क्षणभर थांबले. आम्हीं जो प्रश्न खेळ म्हणून घेतला, तो कित्येकांनीं जिवावर उदार होऊन सोडवूं पाहिला होता. साध्याच ऑर्फियस इंजिनास पश्चज्वलन जोडण्याचे प्रयत्न बंगळुरास झाले. अशाच एका विमानाच्या चांचणींत, १० जानेवारी १९७० रोजीं, अपघात होऊन ग्रुप कॅप्टन सुरंजन दास मृत्यु पावले. मरुत् प्रथम उडविणारे तेच ते वैमानिक.

तिसरा नियम आम्हांस एका लहान मुलानें शिकविला. आमच्यांतील एकाच्या धाकट्या भावानें प्रतिकृति पाहिली आणि दुसऱ्या दिवशीं वर्गांत सांगितलें कीं, एकाहत्तरच्या लढाईंत आपलें विमान ध्वनीच्या दुप्पट वेगानें उडत होतें. त्यानें खोटें सांगितलें नाहीं. खोटें आम्हीं, न बोलतां, सांगितलें होतें. त्याच सायंकाळीं आम्हीं लांकडी बैठकीवर पट्टी चिकटविली: ‘कल्पित. इंजिन मिळालें असतें तर.’ आणि तिच्या शेजारीं खऱ्या मरुत्‌ची, कांहींही न बदललेली, दुसरी प्रतिकृति ठेविली.

आतां पाहणारे दोन्हींकडे आळीपाळीनें पाहतात आणि विचारतात, “इंजिन कां मिळालें नाहीं?” हा प्रश्न ऐकला म्हणजे आमच्या श्रमांचें चीज झालें, असें आम्हांस वाटतें.