हवाई टपाल-संग्रह

हवाई टपाल-संग्रह : विमानाने वाहून नेलेली पाकिटे व कार्डे, हवाई टपालाची तिकिटे, विशेष शिक्के, चिठ्ठ्या, वेळापत्रके इत्यादींचा पद्धतशीर संग्रह व अभ्यास. सामान्य तिकीटसंग्रहात तिकीट हे केंद्रस्थानी असते; येथे अखंड पाकिटाला महत्त्व असते. पत्र कोणत्या दिवशी व कोणत्या मार्गाने गेले, याचा पुरावा पाकिटावरील शिक्क्यांतच असल्यामुळे तिकीट सोडवून घेतल्यास तो कायमचा नष्ट होतो.

जगातील पहिले अधिकृत हवाई टपाल १८ फेब्रुवारी १९११ रोजी भारतातच गेले. आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने सु. ६,५०० पत्रे अलाहाबादच्या प्रदर्शन मैदानावरून यमुनेपलीकडे नैनी येथे नेली. या पत्रांवर विमानाची आकृती असलेला खास शिक्का मारण्यात आला होता. त्याच्या नकलाही आढळतात. म्हणून शाई, अक्षरांची ठेवण व आकृतीचे तपशील तपासून घेणे आवश्यक असते.

मार्च १९२९ मध्ये इंपीरियल एअरवेजची लंडन–कराची सेवा सुरू झाली. त्याच वर्षी दोन ते बारा आणे किंमतींची सहा हवाई तिकिटे निघाली. ती नाशिक रोड येथील प्रतिभूती मुद्रणालयात छापली गेली. तीन आण्यांच्या काही तिकिटांत झाडाचा शेंडा उमटलेला नाही. अशा प्रतींना संग्राहकांत विशेष मागणी असते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने १५ ऑक्टोबर १९३२ हा दिवस महत्त्वाचा आहे. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी ‘पस मॉथ’ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईतील जुहू येथे टपाल आणले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. या उड्डाणाची पाकिटे भारतीय संग्रहांत मौल्यवान मानली जातात.

जुहूचे मैदान ही त्या वेळी समुद्रकाठची चिखलट जमीन होती व पावसाळ्यात ती निरुपयोगी होई. त्यामुळे विमाने, वैमानिक व तंत्रज्ञ यांसह सेवेचा तळ पुण्यास हलविला जाई आणि येरवडा तुरुंगालगतचे मैदान विमानतळ म्हणून वापरले जाई. साहजिकच पावसाळ्यातील पाकिटावर मुंबईचा शिक्का असला, तरी तेवढ्यावरून ते विमानाने जुहूस उतरले असे अनुमान काढता येत नाही. रवानगीची व पोचल्याची तारीख आणि त्या हंगामाचे वेळापत्रक यांची सांगड घालूनच मार्ग ठरवावा लागतो. पुण्याच्या हवाई इतिहासातील या अल्पकालीन प्रकरणाची साक्ष अशा साध्या दिसणाऱ्या पाकिटांतून मिळू शकते. जुन्या घरांतील पत्रव्यवहार रद्दीत गेल्यास तीही नाहीशी होते.

अपघातग्रस्त विमानांतून वाचलेले टपाल हा या संग्रहाचा एक स्वतंत्र विभाग आहे. जून १९४८ मध्ये मुंबई–लंडन सेवेचा प्रारंभ करणारे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान नोव्हेंबर १९५० मध्ये माँ ब्लां पर्वतावर कोसळले. त्यातील काही पत्रे अनेक वर्षांनंतर हिमनदीतून बाहेर आली. पाण्याचे डाग व फाटलेल्या कडा हा अशा पत्रांचा दोष नसून त्यांच्या प्रवासाची खूण होय. म्हणून त्यांची ‘दुरुस्ती’ करू नये.

दमट हवेत डिंक चिकटतो व कागदावर बुरशीचे तांबूस ठिपके पडतात. पाकिटे आम्लरहित कागदात, कोरड्या व हवेशीर जागी उभी ठेवावीत. पारदर्शक चिकटपट्टी किंवा प्लॅस्टिकचा उष्ण लेप वापरू नये. पाकीट कोठून व कोणाकडून मिळाले, याची स्वतंत्र नोंद ठेवल्यास त्याचे ऐतिहासिक मूल्य टिकून राहते.