मावळांतील वेलगुलाब : आखूड जातीची निवड व निगा

भोर व वेल्हें या बाजूस घर बांधतांना पडवीच्या खांबावर गुलाबाची वेल चढवावी, अशी हौस पुष्कळांस असते. रोप आणतात, खड्डा काढतात, दोन पावसाळ्यांत वेल मरते, आणि ‘आमच्या मातींत गुलाब होत नाहीं’ असा निकाल लागतो. हा निकाल आम्हांस मान्य नाहीं. वेल बहुधा मातीमुळें मरत नाहीं. थंड देशाच्या पुस्तकाबरहुकूम केलेल्या निगेमुळें मरते.

वेलगुलाबाविषयींचें पुष्कळसें लेखन हिवाळ्यांत जमीन गोठते अशा मुलखांतलें आहे. तेथें गारठ्यानें वेलीचें लांकूडच मरतें. म्हणून कडक थंडीच्या प्रदेशांतील माळी आखूड वेल पसंत करतो. ती बर्फापूर्वीं खालीं वांकवून मातीनें अगर पेंढ्यानें झांकतां येते. आपल्याकडे थंडी ती किती? पुण्यास १९३५ च्या जानेवारींत पारा १.७ अंश सेल्सियसपर्यंत उतरला होता. एवढ्यानें गुलाब मरत नाहीं. उलट मार्गशीर्ष-पौषांतच फुलाचा रंग खुलतो. आपला वैरी पाऊस. पश्चिमेस केळद-हिर्डोशीकडे तो कोसळतो, पूर्वेस कापूरहोळ-किकवीकडे बराच उणा होतो. परंतु भातखाचराच्या लगत घर असेल तर दोन्हीकडे मुळें भिजलेलींच राहतात.

तरीहि आखूड वेलच घ्यावी, असें आम्ही म्हणतों. कारण मात्र निराळें. आषाढांतल्या वाऱ्यानें वीस फुटी वेल ताटीसकट खालीं येते, आणि जिला शिडीवांचून हात पोंचत नाहीं तिची छाटणी शेतकऱ्याच्या घरीं वेळेवर होत नाहीं. जुन्या बागांतील पिवळी ‘मारेशाल नील’ (फ्रान्स, १८६४) सुवासांत श्रेष्ठ खरी. पण ती फार पसरते व तिचीं खालीं मान घातलेलीं फुलें पावसांत कुजतात. ‘गोल्डन शॉवर्स’ (अमेरिका, १९५६) ही खांबाजोगी, सरळ चढणारी व पुन्हां पुन्हां फुलणारी. मात्र तिच्या पानांवर काळे ठिपके लौकर येतात. इंग्लंडांत ख्रिस वॉर्नर यांनीं काढलेल्या ‘लॉरा फोर्ड’ व ‘वॉर्म वेलकम’ या बारीक पानाफुलांच्या जाती मिळाल्यास अवश्य लावाव्या. पुस्तकांत सात फूट लिहिलें असेल तर येथें नऊ-दहा धरून चालावें. आपल्या हवेंत वेल अधिक चढते.

प्रस्तुत लेखकानें आपली पहिली वेल पुस्तक उघडून लावली. कलमाचा सांधा मातीखालीं गाडावा असें त्यांत होतें, तो गाडला. छाटणी हिवाळा सरतां करावी असें होतें, ती फेब्रुवारीअखेर केली. एप्रिलच्या उन्हांत कोंवळी फूट करपली, श्रावणांत सांधा मऊ पडला, आणि भाद्रपदांत वेल अलगद हातांत आली. थंड देशांत सांधा गाडतात तो गोठूं नये म्हणून. आपल्याकडे गाडला कीं कुजतो. तो मातीच्या वर दोन-तीन बोटें मोकळाच असावा, व त्याच्या खालून खुंटाचे धुमारे निघतील ते मुळाशीं खुडून टाकावे.

जागा निवडतांना पागोळ्या कोठें पडतात तें प्रथम पाहावें. पागोळीच्या रेघेंत रोप लावणें म्हणजे चार महिने त्याच्या डोक्यावर धार धरणें होय. रेघेच्या बाहेर दीड-दोन हात सरून, वीतभर उंच वरंबा करून त्यावर लावावें, आणि वेल तिरपी खांबाकडे न्यावी. खड्डा दोन फूट लांब, रुंद व खोल. तळाशीं मुरूम, वर माती, मुरलेलें शेणखत व मूठभर लिंबोळी पेंड. नदीकांठच्या काळ्या जमिनींत मुरूम अधिक घालावा. लागण ऑक्टोबर-नोव्हेंबरांत केली तर पुढील मृगापर्यंत मुळें धरतात.

छाटणी हस्ताचा पाऊस उलटल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धांत करावी. वेलीची छाटणी झुडपासारखी नव्हे. मुख्य दांडे राखावे. फक्त आडफांद्या दोन-तीन डोळ्यांवर आणाव्या. तीन-चार वर्षांचा एखादा थकलेला दांडा बुडापासून काढून त्याच्या जागीं नवा धुमारा घ्यावा. दांडे सरळ उभे बांधल्यास शेंड्यालाच फुलें येतात. खांबाभोंवतीं नागमोडी अगर ताटीवर आडवे बांधले तर डोळ्याडोळ्यास फूट येते. छाटणीपासून सुमारें दीड-दोन महिन्यांनीं बहर लागतो.

काळ्या ठिपक्यांवर बोर्डो मिश्रण चांगलें. मोरचूद व कळीचा चुना प्रत्येकीं १०० ग्रॅम, निरनिराळ्या मातीच्या अगर प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवून, एकूण १० लिटर पाण्यांत एकत्र करावे. लोखंडी सुरी बुडवून पाहावी; पात्यावर तांबूस रंग चढला तर चुना कमी आहे असें समजून थोडा वाढवावा. हें मिश्रण त्याच दिवशीं संपवावें. मृगापूर्वीं एकदां व नंतर पावसाच्या उघडिपींत फवारावें, आणि गळलेलीं पानें वेलीखालीं राहूं न देतां जाळावीं. शेंड्याकडून काळी पडत येणारी फांदी आंत पांढरें लांकूड लागेपर्यंत कापून जखमेवर मोरचूद व चुना यांचा घट्ट लेप द्यावा.