पंचनाम्यात न मावणारं नुकसान

ऑगस्ट २०२५मध्ये नांदेडच्या मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. हसनाळ, रावणगाव ही गावं रात्रीतून पाण्यात गेली. अशा वेळी नुकसान रुपयांत मोजतात. पण रुपया प्रत्येक घरात सारखा नसतो.

समजा, दोन घरांचं प्रत्येकी २० हजारांचं नुकसान झालं. एकाचं वर्षाचं उत्पन्न ८ लाख, दुसऱ्याचं ८० हजार. पहिलं घर ठेव मोडेल. दुसऱ्याच्या शेळ्या वाहून गेल्या, म्हणजे पोरीच्या फीचे पैसे गेले. वर सावकाराचं व्याज. म्हणून नवी गणिती मॉडेल मालमत्तेपाशी थांबत नाहीत. बचत, कर्ज, सावरायला लागणारे महिने धरून ती रोजच्या खर्चातली घट मोजतात आणि गरिबाच्या रुपयाला जास्त वजन देतात. जागतिक बँकेने २०१६मध्ये असा हिशेब मांडला, तेव्हा जगाचं वार्षिक नुकसान ५२० अब्ज डॉलर निघालं. नुसत्या मालमत्तेच्या हिशेबापेक्षा ६० टक्के जास्त.

आपल्याकडे मदत सातबाऱ्यावरच्या नावाने येते. लातूरकडे तोंडी बटईने सोयाबीन पेरणाऱ्याचं बी-खत बुडतं, पैसे मालकाच्या खात्यात जातात. मजुराची बुडालेली काढणी पंचनाम्यात येतच नाही, हा मला सगळ्यांत मोठा अन्याय वाटतो. दुष्काळातही तेच. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा ऐपत असलेले टँकर विकत घेत होते. बाकीच्या घरांतल्या बायकांची रोजंदारी घागरींच्या रांगेत गेली. बटईची आणि बुडालेल्या मजुरीची नोंद तलाठ्याच्या दप्तरात झाली, तरच मॉडेलला ही माणसं दिसतील.