खुराक वेगळा, हार्मोन वेगळे

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात कुस्ती अंगात मुरलेली आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, तर हिंदकेसरी मारुती माने सांगलीजवळच्या कवठेपिरानचे. २०२२ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा साताऱ्यात भरली आणि पहिली महिला महाराष्ट्र केसरी २०२३ मध्ये सांगलीत. दूध, तूप आणि बदामाच्या थंडाईवर पोसलेल्या या परंपरेत आता रंगीत डबेही आले आहेत. त्यातली प्रोटीन पावडर हा एक प्रकार. ‘टेस्टोस्टेरॉन वाढवा’ असे सांगणाऱ्या गोळ्या हा अगदीच दुसरा.

अशा काही गोळ्यांत संप्रेरकाचा कच्चा माल असतो. शरीर कोलेस्टेरॉलपासून आधी डीएचईए, त्यापासून अँड्रोस्टेनडायोन आणि शेवटी टेस्टोस्टेरॉन तयार करते. मग कच्चा माल जास्त दिला की पक्का माल जास्त निघेल, असा हिशेब मांडला जातो. तो कागदावर बरोबर दिसतो, शरीरात मात्र बिघडतो. तोंडावाटे घेतलेल्या या द्रव्याचा बराचसा भाग यकृतातच मोडतो. उरलेल्यातून नुसते टेस्टोस्टेरॉन बनत नाही. अॅरोमाटेज नावाचे विकर त्याचे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकातही रूपांतर करते.

अँड्रोस्टेनडायोन गाजले ते १९९८ मध्ये. अमेरिकी बेसबॉलपटू मार्क मॅग्वायरच्या कपाटात त्याची बाटली दिसली आणि त्याच हंगामात त्याने ७० होमरन ठोकले. गोळ्यांचा खप वाढला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील आयोवा येथील संशोधकांनी वजनी व्यायाम करणाऱ्या २० तरुणांवर आठ आठवडे प्रयोग केला. निम्म्यांना रोज ३०० मिलिग्रॅम अँड्रोस्टेनडायोन, निम्म्यांना दिसायला तशीच पण निष्क्रिय गोळी. ताकद दोन्ही गटांत सारखीच वाढली. म्हणजे काम केले ते व्यायामाने. गोळी घेणाऱ्यांत इस्ट्रोजेन मात्र वाढले आणि ‘चांगले’ कोलेस्टेरॉल घटले. डीएचईएचे निष्कर्षही वेगळे नव्हते.

२००० मधील दुसऱ्या अभ्यासात तेवढ्याच मात्रेने टेस्टोस्टेरॉन सुमारे एक तृतीयांशाने वाढलेले आढळले. पण इस्ट्रोजेन दुपटीच्याही पुढे गेले. पुरुषांत छातीच्या ग्रंथी वाढण्याचा धोका यातूनच येतो.

मुलींचे आणि किशोरवयीनांचे गणित आणखी अवघड आहे. स्त्रियांत टेस्टोस्टेरॉन मुळातच कमी असल्याने थोडी वाढही जाणवते. पुरळ, चेहऱ्यावर केस, अनियमित पाळी, घोगरा आवाज अशी लक्षणे दिसू शकतात आणि घोगरा झालेला आवाज पूर्ववत होईलच असे नाही. वाढत्या वयात हाडांची टोके लवकर जुळून उंची खुंटण्याची भीती असते. आता मुलीही आखाड्यात उतरत असताना पालकांनी आणि वस्तादांनी हे माहीत करून घ्यायला हवे.

ही दोन्ही द्रव्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत आहेत आणि ती स्पर्धेबाहेरही कायम बंद आहेत. नमुन्यात सापडली तर पहिल्याच वेळी चार वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. ‘डब्यात काय होते ते माहीत नव्हते’ एवढ्याने सुटका होत नाही. शरीरात गेलेल्या प्रत्येक पदार्थाला खेळाडूच जबाबदार धरला जातो. विशीतल्या मल्लाची चार वर्षे गेली, तर मैदानाबरोबर खेळाडू कोट्यातली नोकरीही हातची जाऊ शकते.

म्हणून डबा घेताना मागची बारीक अक्षरे वाचावीत. डीएचईए, प्रास्टेरोन, अँड्रोस्टेनडायोन किंवा ‘अँड्रो’ने सुरू होणारे नाव दिसले, तर तो डबा ठेवून द्यावा. लेबलवर घटकांऐवजी नुसतेच ‘खास मिश्रण’ लिहिलेले असेल, तरीही. लेबलवर नसलेले घटक आत निघण्याचा धोका असतोच. त्यामुळे स्पर्धा खेळणाऱ्याने क्रीडावैद्यकाला विचारल्याशिवाय कोणतीच पूरक गोळी घेऊ नये. भरपेट आहार, पुरेशी झोप आणि टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यायाम यांनी मिळणारी ताकद सावकाश येते, पण ती कोणत्याही तपासणीला घाबरत नाही.